डायलिसिसच्या हाताची शीर का बंद पडते?



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेताबाहेरचा आहे. गटागटांतून फिरताना डायलिसिसवर असलेले सभासद, किंवा सभासदांच्या घरची माणसे, आता भेटू लागली आहेत. मधुमेह आणि रक्तदाब ही दोन दुखणी अंगात मुरली की पुढे मूत्रपिंडांवर जातात, हे आपण जाणताच. या मंडळींच्या तोंडून एक वाक्य पुन्हा पुन्हा कानी येते : "साहेब, हातातली शीर बंद पडली, आता दुसऱ्या हाताचं ऑपरेशन सांगितलंय." मग कोणी म्हणतो सुई वाईट टोचली, कोणी म्हणतो जोडणीच नीट झाली नव्हती, कोणी नशिबाला बोल लावतो.

बहुतेक वेळा ही शीर एका रात्रीत बंद पडलेली नसते. ती आठवडे-महिने आधीपासून आतून अरुंद होत आलेली असते, आणि अरुंद होताना खुणाही दाखवीत असते. शेवटच्या रात्री घडते ते इतकेच, की उरलेल्या बारीक वाटेत रक्ताची गुठळी बसते. गुठळी सर्वांना कळते, त्याआधीचे अरुंद होणे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. ते लक्षात यावे म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही डॉक्टर नव्हे, आमची पदविका शेतीची आहे. पण वाहत्या पाण्याशी आमचा आणि तुमचा जन्माचा संबंध, आणि हा मामला बराचसा वाहण्याचाच आहे.

बहात्तर लिटरची ओढ

डायलिसिसचे यंत्र शरीरातून रक्त ओढते, गाळून स्वच्छ करते आणि परत शरीरात सोडते. त्यासाठी हातात दोन जाड सुया घालाव्या लागतात, एक ओढण्यासाठी आणि दुसरी परत सोडण्यासाठी. यंत्र मिनिटाला सुमारे 300 मिलिलिटर रक्त ओढते असे धरा. चार तासांच्या एका बैठकीत हा हिशेब 72 लिटरवर जातो. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते पाच लिटरच्या आसपास. म्हणजे तेच रक्त चौदा वेळा यंत्रातून फिरून येते, आणि असे आठवड्यातून दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षे.

आता एवढे रक्त आणायचे कोठून? मोठ्या दाबाने वाहणाऱ्या धमन्या, ज्यांना शाळेच्या पुस्तकात रोहिणी म्हणत, त्या खोल असतात. त्यांना रोज-रोज टोचणे धोक्याचे. वर दिसणाऱ्या निळसर शिरा टोचायला सोप्या, पण त्यांतले पाणी म्हणजे शेतातल्या सरीचे पाणी. त्यावर पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला तर काय होईल ते सांगायला नको.

हा प्रश्न डायलिसिसच्या जन्मापासूनचा आहे. विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी 1943 साली युद्धाच्या धामधुमीत पहिले चालते यंत्र केले. यंत्र चालले, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि माणसाच्या अंगात अशा जागा मोजक्याच. अमेरिकेत सिएटल येथे 1960 साली बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी व शीर यांत टेफ्लॉनची नळी बसवून ती हाताबाहेर कायम ठेवली. त्यामुळे तोच रुग्ण वारंवार यंत्रावर घेता येऊ लागला. मात्र नळी बाहेर असल्याने जंतू शिरत, आणि गुठळ्याही धरत. मग न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या माजी सैनिक रुग्णालयातील ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. मनगटाजवळची धमनी आणि शेजारची शीर एकमेकींना कातडीच्या आतच जोडून द्यायची. नळी नको, यंत्र नको. धमनीचे रक्त थेट शिरेत घुसते, काही आठवड्यांत शीर फुगून जाड होते आणि सुया घेण्याजोगी बनते. यालाच फिस्टुला म्हणतात. (भगंदरालाही डॉक्टर फिस्टुलाच म्हणतात, त्यामुळे गावात गैरसमज होतो. हा तो नव्हे.) इतकी वर्षे झाली तरी आजही हाच उपाय सर्वांत चांगला समजला जातो.

मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला 20-30 मिलिलिटर रक्त जाते. जोडणी झाली की ते त्याच दिवशी कित्येक पटींनी वाढते, आणि नीट तयार झालेल्या फिस्टुल्यातून मिनिटाला 600 मिलिलिटरपासून लिटरभर रक्त वाहते. डॉक्टर लोक यासाठी सहाचा आकडा ध्यानात ठेवतात. सहा आठवड्यांनी शीर सहा मिलिमीटर रुंद, कातडीखाली सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खोल नाही, आणि प्रवाह 600 मिलिलिटर.

थोडक्यात, सरीत कालव्याचे पाणी सोडले आहे. सरी तग धरते का, हा खरा प्रश्न.

गाळ साचत नाही, भिंतच वाढते

ठिबकच्या नळीत क्षार बसतात, आपण आम्ल सोडून ते धुऊन काढतो. पुष्कळांना वाटते शिरेचेही तसेच होत असेल, काहीतरी घाण चिकटत असेल, औषधाने धुऊन निघेल. तसे नाही. शीर ही जिवंत वस्तू आहे. तिच्यावर जो भार पडेल त्याप्रमाणे ती आपली भिंत बदलते. बाभळीच्या खोडाला कुऱ्हाडीचा घाव बसला तर त्या जागी साल आत वळून गाठ धरते, तसा हा प्रकार आहे. भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी आतल्या बाजूला सरकतात, वाढतात, त्यांच्याभोवती चिवट धागे तयार होतात आणि मधली वाट बारीक होत जाते. बाहेरून शीर चांगली जाड दिसते, आतले भोक मात्र लहान झालेले असते.

हे सगळीकडे सारखे होत नाही, आणि याचे कारण वाहण्याच्या पद्धतीत आहे. जेथे रक्त सरळ, जोरात आणि एका दिशेने वाहते, तेथे शिरेची भिंत त्या घर्षणाला प्रतिसाद म्हणून रुंद होते. हे आपल्याला हवेच असते. पण जेथे वळण आहे, जोड आहे, तेथे पाणी भोवरे घेते, काही जागी मंदावते, पुढे-मागे हेलकावे खाते. चारीच्या वळणावर आतल्या अंगाला पाणी कसे रेंगाळते ते आठवा. शिरेची आतली नाजूक पेशींची पातळ कातडी अशा हेलकाव्याच्या जागी बिथरते आणि भिंत वाढवण्याचा इशारा देते.

म्हणून अरुंद होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मनगटाच्या फिस्टुल्यात जोडापासून पुढची दोन-चार सेंटिमीटर ही नेहमीची जागा. शस्त्रक्रियेत शीर तेवढी उचलून, वळवून धमनीकडे आणलेली असते, तिला पोसणाऱ्या बारीक वाहिन्याही तेथे तुटलेल्या असतात, आणि वर भोवरा. तीन कारणे एकाच ठिकाणी. कोपराजवळच्या फिस्टुल्यात खांद्याजवळ शीर कमानीसारखी वळून खोल शिरते ती कमान अरुंद होते. काहींना स्वतःची शीर बरी नसल्याने कृत्रिम नळी बसवतात. तेथे नळी संपून शीर सुरू होते तो जोड पहिल्यांदा बुजतो, आणि अशा नळ्या फिस्टुल्यापेक्षा लवकर बुजतात.

याखेरीज माणसाचे आजारपण आहेच. मूत्रपिंडे निकामी असणाऱ्यांच्या शिरा शस्त्रक्रियेआधीच जाड झालेल्या आढळतात. जुन्या मधुमेहात मनगटाच्या धमनीत चुना धरतो, ती ताणून रुंद होत नाही, मग पुढे पाणी यावे कोठून? काहींच्या शिरेला मध्येच मोठे फाटे असतात आणि प्रवाह फाट्यांनी वाटला जातो, मुख्य चारी भरतच नाही. अशा कारणांनी पुष्कळ फिस्टुले मुळात तयारच होत नाहीत.

यावर अमेरिकेत 877 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2008 साली प्रसिद्ध झाली, ती सांगण्याजोगी आहे. निम्म्यांना नव्या फिस्टुल्यानंतर रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी दिली, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. सहा आठवड्यांत गुठळी धरण्याचे प्रमाण शेकडा साडेएकोणीसवरून बारावर आले. गोळीने काम केले म्हणायचे. पण डायलिसिसला उपयोगी पडेल असा फिस्टुला किती जणांचा झाला, हे पाहिले तेव्हा दोन्हीकडे सारखेच, शंभरातले साठच्या आसपास निरुपयोगी. गुठळी थांबवली तरी भिंतीचे वाढणे थांबले नाही. "गोळी चालू आहे, मग शीर बंद पडलीच कशी?" असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही.

अरुंद झाल्याने किती फरक पडतो? चार इंची पाइपात मध्येच दोन इंची तुकडा टाकून पाहा. रुंदी निम्मी झाली की तोंडाचे क्षेत्र चौथाई राहते, आणि घर्षण तर त्याहून किती तरी वाढते. प्रवाह यंत्राच्या ओढीपेक्षा कमी झाला की आणखी एक घोटाळा होतो. यंत्राला पुरेसे नवे रक्त मिळत नाही, मग ते नुकतेच स्वच्छ करून सोडलेले रक्तच पुन्हा ओढते. विहिरीतून उपसलेले पाणी त्याच विहिरीत सोडावे तसे. मीटर फिरतो, शेत कोरडे. रुग्ण चार तास खुर्चीवर बसतो, घरी येतो, पण मळमळ जात नाही, भूक लागत नाही, रक्ततपासणीचे आकडे खाली येत नाहीत.

बांध कोठे पडला ते कसे ओळखावे

चारीत माती पडली तर आपण काय पाहतो? अडथळ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, बांध फुटायला येतो, आणि खालच्या अंगाला शेत तहानते. शिरेचेही नेमके तसेच आहे, आणि हे एकदा समजले की खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

चांगल्या फिस्टुल्यावर बोटे ठेवली की मांजर घुरघुरावे तशी सारखी थरथर लागते. ही थरथर थांबत नाही, फक्त ठोक्यागणिक थोडी कमी-जास्त होते. कान लावला तर खोल घुरघुर ऐकू येते.

अडथळा जोडाजवळ, म्हणजे पाणी येण्याच्या बाजूला असेल तर पुढची शीर तहानते. थरथर मंद होते, शीर मऊ व चपटी राहते, सुई घालणे अवघड जाते आणि केंद्रातले तंत्रज्ञ म्हणतात, "मशीन ओढत नाही." अडथळा वर, खांद्याकडे, पाणी जाण्याच्या बाजूला असेल तर शीर तुंबते. मग थरथर जाऊन तेथे नाडीसारखे ठोके लागतात, शीर कडक व तटतटीत होते, यंत्रावर परतीचा दाब वाढतो, आणि सुई काढल्यावर रक्त थांबता थांबत नाही. दहा मिनिटांत थांबणारे रक्त आता अर्धा तास घेत असेल तर ती साधी गोष्ट समजू नये. सगळा हातच सुजत असेल तर अडथळा छातीतल्या मोठ्या शिरेत असू शकतो. पूर्वी कधी गळ्याखालून नळी घातली असेल तर त्या जागी असे होते. अरुंद जागेवर आवाजही बदलतो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी शिट्टी मारते, तशी बारीक उंच शिट्टी तेथे ऐकू येते.

एक सोपी परीक्षा घरी करता येते. आडवे पडून फिस्टुल्याचा हात सरळ वर उचलावा. चांगला फिस्टुला, विशेषतः मनगटाचा, हात वर गेला की रिकामा होऊन बसतो. तो तसाच फुगलेला राहिला तर पाणी पुढे जायला वाट नाही असे समजावे आणि केंद्रात सांगावे.

ही पाहणी सकाळी तोंड धुताना आणि रात्री झोपताना, दोन वेळा करावी. मिनिटही लागत नाही. आपण पिकाला रोज एक फेरी मारतो, ती काही पीक रोज बिघडते म्हणून नव्हे. आमच्या मते हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी शिकवून ठेवावे. आमच्या ओळखीच्या एका वस्तीवर म्हातारीच्या हाताची थरथर रोज तिची नात पाहते आणि केंद्रातले लोक म्हणतात, "आजीपेक्षा या पोरीला जास्त कळतं." खरेच आहे, जिच्या हातात असते तिला सवयीने फरक जाणवत नाही.

अरुंद झालेल्या वाटेत गुठळी बसायला निमित्त लागते, ती निमित्ते मात्र बरीचशी आपल्या हातात आहेत. त्या हातावर डोके ठेवून झोपणे, त्या हाताने पाण्याची घागर वा खताचे पोते उचलणे, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू देणे. सुई काढल्यावर पट्टी इतकी आवळू नये की थरथरच बंद व्हावी. रक्त थांबेल पण प्रवाह बोटाला लागेल इतकाच दाब. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले, किंवा डायलिसिसमध्ये जास्त पाणी काढल्याने रक्तदाब फार उतरला, की प्रवाह मंदावतो आणि गुठळी धरते. दोन बैठकांच्या मध्ये पाणी बेताने प्यावे असे सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. चार किलो वजन वाढवून गेलेल्या माणसाचे तेवढे पाणी चार तासांत ओढावे लागते, मग रक्तदाब पडतोच.

सुयांबद्दल एक. एकाच जागी टोचले तर दुखत कमी, म्हणून रुग्णच तंत्रज्ञांना सांगतात, "तिथंच घाला." तेथली भिंत मग पातळ होऊन फुगते आणि दोन फुगवट्यांमधली शीर आवळते. शिडीच्या पायऱ्यांसारखी दर वेळी जागा थोडी पुढे घ्यावी हे बरे.

थरथर अजिबात थांबली तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, केंद्राला फोन करावा. गुठळी ताजी असेपर्यंत, पहिल्या एक-दोन दिवसांत, ती काढून शीर वाचण्याची आशा असते. पुढे ती भिंतीला धरते. मग गळ्यात नळी घालून डायलिसिस करावे लागते, आणि गळ्यातल्या नळीतून जंतू थेट रक्तात जातात. थंडी वाजून ताप येणे ही त्याची खूण. या नळीने माणसे दगावतात, म्हणून एका शिरेसाठी एवढे लिहिले.

वेळीच कळले तर उपाय आहे. बारीक तारेवरून फुगा नेऊन अरुंद जागी फुगवतात आणि वाट मोकळी करतात. भूल साधी, बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. पण फुगवणे म्हणजेही भिंतीला एक जखमच, त्यामुळे पुष्कळांची वाट सहा महिने-वर्षात पुन्हा आवळते आणि फुगा पुन्हा करावा लागतो. याला कोणी फसवणूक समजू नये. भिंतीची वाढ रोखणारे औषध लावलेले फुगेही निघाले आहेत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 330 रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी शंभरातल्या 82 जणांची वाट मोकळी राहिली, साध्या फुग्याने 60 जणांची. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील दुसऱ्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. हे फुगे महाग आहेत, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

डायलिसिस अजून सुरू नाही, पण मूत्रपिंडांचे दुखणे निघाले आहे, अशा सभासदांना आमचे विशेष सांगणे आहे. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे रीत पडली आहे. सलाईनने ताकद येते हा भ्रम सोडा, पण हाताच्या शिरा मात्र एकेक करून जळतात, आणि उद्या फिस्टुल्याला लागणारी शीर हीच असते. आपण ज्या हाताने कामे करीत नाही तो हात, बहुधा डावा, मनगटापासून वर कोणाला टोचू देऊ नये. रक्त काढायचेच तर तळहाताच्या मागच्या बाजूने काढायला सांगावे. फिस्टुला तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, कधी दुसऱ्यांदाही करावा लागतो, म्हणून डॉक्टरांनी सुचवले की टाळाटाळ न करता आधीच करून घ्यावा. खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि जिल्हा रुग्णालयात काय सोय आहे याची चौकशी शिधापत्रिका घेऊन अगोदर करावी.

शेवटी आमच्या खात्याच्या कामाचे. गळीत हंगामात टोळी फडात आली की काही सभासद डायलिसिसची पाळी चुकवतात, किंवा हात सुजला असूनही "वाहन भरून गेलं की जातो" म्हणतात. तसे करू नये. ज्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे त्यांनी आपले वार गट कार्यालयात किंवा चिटबॉयकडे लिहून द्यावेत. तोडणीचा क्रम एखाद-दुसऱ्या दिवसाने मागे-पुढे लावता येतो, आणि त्या दिवशी फडावर आमचा माणूस उभा राहील.